भरल्या गाडीचं वजन

कुंभिवलीच्या वाल्मिकला गर्व होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही. अख्ख्या कर्जत-खालापुरात आपल्याएवढा बोजा कुणी डायवर ओढत नाही, असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. त्याचा बाप मुंबई-पुणे सडकेवर बैलगाडी हाकता हाकता म्हातारा झाला आणि घाटाच्या पायथ्याशीच मेला. पोरानं मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत लॉरी शिकून घेतली. लष्कराला खडी हवी होती, गवत हवं होतं, लाकूड तर कितीही आणा, कमीच. ज्याला क्लच आणि ब्रेक यांतला फरक कळतो तो डायवर, असे ते दिवस. वाल्मिकला तर गाडी अंगात भिनल्यासारखी यायची.

तो आबाजी ठेकेदाराकडे होता. कळंबच्या पलीकडं आबाजी शेटचं जंगल तोडायचं काम चालायचं आणि तिथनं साग, ऐन, किंजळ लॉरीवर चढून कर्जतच्या मालधक्क्यावर यायचा. लॉरीच्या कुशीवर त्या काळी पांढऱ्या रंगानं दोन आकडे लिहिलेले असत. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरल्या गाडीचं. दुसऱ्या आकड्याच्या वर जायचं नाही, असा सरकारी कायदा. पण लढाई पेटली आणि सरकारनंच त्या आकड्याकडं पाठ फिरवली. माल पोचला पाहिजे, बस. आबाजी शेटनं तर एके दिवशी डांबराचा डबा मागवला आणि दोन्ही आकड्यांवर स्वतःच्या हातानं कुंचला फिरवला.

"आकडा दिसला की माणूस भितो," तो वाल्मिकला म्हणाला. "दिसलाच नाय तर भ्यायचं कशाला रं?"

वाल्मिक हसला. ते हसणं पुढं त्याला जन्मभर ऐकू येत राहिलं.

लढाई संपली, तरी डांबर तसंच राहिलं. सेहेचाळीस सालच्या माघात, सकाळी दहाच्या सुमाराला, तो ऐनाचे ओले ओंडके भरून निघाला. ओलं ऐन म्हणजे नुसतं लोखंड. गाडी निघतानाच मागच्या स्प्रिंगच्या पाट्या वाकून चाकाला टेकल्या होत्या. ओंडक्यांवर सहा जणं बसली होती. वाडीवरची ठाकर माणसं, चढवायला-उतरवायला नेलेली. त्यांत कमळ्या होता आणि त्याची बायको ठकी. कमळ्या वरनं ओरडून वाल्मिकला म्हणाला, "डायवर, आज तुजी म्हस लईच गाभण हाय रं!" सगळे हसले.

कळंबच्या अलीकडं ओढ्यावर जुना दगडी पूल होता. कधीकाळी बैलगाड्यांसाठी बांधलेला, दोन कमानींचा. वाल्मिकनं तो शेकडो वेळा ओलांडला होता. त्या दिवशी पुढची चाकं पलीकडं पोचली, आणि मागच्या डाव्या चाकाखालची कमान भाकरीचा पापुद्रा दबावा तशी आत गेली. आधी दगड पडल्याचा आवाज आला. मग लॉरी मागं कलली, पुढची चाकं हवेत उचलली गेली आणि ओंडके बांधलेला साखळदंड बंदुकीच्या बारासारखा तुटला.

वाल्मिकचं छातीचं हाड स्टेअरिंगवर मोडलं. तो कसाबसा दारातनं बाहेर पडला आणि ओढ्यात उतरला. ओंडके एकावर एक कोसळून तिथं ढीग झाला होता, आणि ढिगाखालचं पाणी लाल वाहत होतं. एक हात बाहेर दिसत होता. बोटं हलत होती. वाल्मिकनं तो हात धरून ओढला. खांद्यापासून सुटलेला हात त्याच्या हातात आला.

ठकी चिखलात फेकली गेली होती म्हणून वाचली. ती ओंडक्याला खांदा लावून ढकलत राहिली. चार माणसं हटत नाहीत असा ओंडका ती एकटी ढकलत होती, आणि तिच्या खांद्याची सालटी निघून रक्त पाठीवर उतरत होतं. तासाभरानं वाडीवरची माणसं पोचली तेव्हा कमळ्या सापडला. त्याचं तोंड ओळखायजोगं उरलं नव्हतं. कमरेच्या करगोट्यावरनं ठकीनं ओळखला. आणखी तीन जणं मेली. सहांतली दोनच उरली, त्यांत एक ठकी.

वाडीवरनं आलेल्यांत कमळ्याचा धाकटा भाऊ धाऊ होता. त्यानं वाल्मिकची मान मागनं पकडली आणि कोयता गळ्याला लावला. पातं कातडीत रुतलं. वाल्मिकनं हात वर केला नाही.

"किती वजन व्हतं?" धाऊनं विचारलं.

"मला ठावं नाय."

"तू डायवर ना? गाडी तुजी ना? किती वजन व्हतं?"

"मोजलंच नव्हतं रं," वाल्मिक म्हणाला. "कंदीच मोजलं नाय."

तेवढ्यात ठकीनं ओढ्यातला धोंडा उचलून वाल्मिकच्या तोंडावर मारला. त्याचे पुढचे तीन दात गेले आणि तो खाली पडला. मग दोघा-तिघांनी त्याला लाथांनी तुडवला. मेलाच असता. पण आबाजी शेट दुसऱ्या गाडीनं माणसं घेऊन आला आणि काठ्या फिरल्या, तशी वाडीवरची माणसं आपली मढी उचलायला मागं सरली.

आबाजी शेटबरोबर वाघ्या होता. वाघ्याचं काम जंगलात मजुरांवर नजर ठेवायचं, म्हणजे खरं तर मारायचं. तो वाल्मिकजवळ उकिडवा बसला. वाल्मिकला वाटलं, पाणी पाजतोय. वाघ्यानं खिशातनं बाटली काढली, त्याच्या तोंडात थोडी ओतली आणि उरलेली सदऱ्यावर उपडी केली. फुटलेल्या हिरड्यांना दारूचा असा चटका बसला की वाल्मिक गुरासारखा ओरडला.

"पडून ऱ्हा," वाघ्या म्हणाला. "फौजदार येतोय."

कर्जतच्या कोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा डायवर दारू प्यालेला होता हे सांगायला पाच साक्षीदार आले. गाडीत किती माल होता, हे कुणी विचारलं नाही. आबाजी शेटनं आपल्या वखारीची वही दाखवली, तीत माल कायद्यात बसणारा होता. वाल्मिकनं एकदाच तोंड उघडलं. "साहेब, गाडीवरचा आकडा डांबरानं पुसलाय, बघा." साहेबांनी विचारलं, "तो पुसला तेव्हा तू काय केलंस?" वाल्मिकला सोळा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि लायसन रद्द झालं.

तुरुंगात त्याला घाण्याला जुंपलं. तिथं त्याच्यासारखेच माणूस मारून आलेले होते, पण ते जाणूनबुजून मारून आलेले. त्यांतला एक जण रोज त्याला टोचायचा, "चार मारलेस आणि सोळा महिनेच? आम्हाला एकात दहा वर्षं!" एक दिवस वाल्मिकनं त्याचं डोकं घाण्याच्या लाकडी लाटेवर आपटलं आणि आपटतच राहिला. वॉर्डरांनी दोघांना सोडवलं तेव्हा वाल्मिकचा डावा कान अर्धा तुटून लोंबत होता. त्या माणसानं चावला होता. शिक्षेत आणखी तीन महिन्यांची भर पडली. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी कैद्यांना गोड जेवण मिळालं. वाल्मिकनं ते शेजाऱ्याला दिलं.

घरी आला तो सत्तेचाळीसच्या दिवाळीच्या तोंडावर. आई अंबाबाई दारात उभी होती. तिनं त्याचा कान पाहिला, दातांतलं खिंडार पाहिली, त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण आत घेतलं नाही.

"त्या चार घरी जाऊन ये आदी," ती म्हणाली.

"आये, मी शिक्षा भोगून आलोय."

"सरकारची भोगलीस. सरकारचं कोण मेलं व्हतं?"

म्हणून तो वाडीवर गेला. डोंगराच्या पोटाशी सात-आठ झोपड्या. धाऊ दारात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्यानं वाल्मिकला ओळखलं, दांडा तसाच हातात घेऊन उठला आणि मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, गुडघ्यावर. वाल्मिक उभा राहिला, मग बसला, मग पडला. शेवटी धाऊ दमला. दांडा टाकून तोही खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

ठकी झोपडीच्या दारातनं सगळं बघत होती.

"भावजी, ह्येला मारून काय व्हनार?" ती म्हणाली. "त्ये वरचं तर अजून चालूच हाय."

मग वाल्मिकला कळलं. पुलाची कमान खडी-चुना भरून कशीबशी बुजवली होती. आबाजी शेटनं लष्कराच्या लिलावातल्या दोन थोराड लॉऱ्या घेतल्या होत्या, आणि त्यांच्याही आकड्यांवर डांबर फासलं होतं. चांगो नावाचा नवा डायवर होता. ओंडके पहिल्यापेक्षा जास्त चढत होते, आणि माणसं अजूनही वर बसत होती. ठकी अजून तेच काम करत होती. दुसरं काम कुठं होतं?

आणि आणखी एक गोष्ट कर्जतच्या बाजारात त्याच्या कानावर आली. वजनाचा कायदा सरकार बदलायला निघालं होतं. लढाईत चालला तेवढा बोजा कायमचा मंजूर करा, असा गाडीमालकांनी तगादा लावला होता, आणि जागोजागी ऐकून घ्यायला सरकारनं एक समिती नेमली होती. मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी ती कर्जतच्या डाक बंगल्यात बसणार होती. मालकांतर्फे बोलायला उभा राहणार होता आबाजी शेट.

वाल्मिक अर्ज लिहून घेऊन बंगल्यावर गेला. समितीचा कारकून भला माणूस होता. त्यानं अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"तुमची लॉरी आहे?"

"नाय."

"लायसन?"

"रद्द झालंय. पन साहेब, चार मानसं मेली."

"ते अपघातात. इथं वजनाचा प्रश्न आहे. ठेकेदार सांगतील की लढाईनंतर आम्ही सहा टनांच्या वर जात नाही, दिलेली मर्यादा पाळतो, म्हणून ती वाढवली तरी धोका नाही. त्यांच्याकडं वह्या आहेत. तुमच्याकडं काय आहे? कुठल्या काट्यावर मोजलंय का?"

धाऊनं गळ्याला कोयता लावून विचारलं होतं, तेच हा माणूस खुर्चीत बसून विचारत होता. वाल्मिक परत वाडीवर गेला.

"गाडी काट्यावर न्यायची," तो म्हणाला. "त्या दिवशी. भरलेली. तशीच्या तशी."

धाऊ म्हणाला, "मी येतो. पन तुज्यासाटी नाय."

मंगळवारी सकाळी नऊला चांगोची लॉरी जंगलातनं उतरली. पुलाच्या अलीकडं, वळणावर, रस्त्यात आडवा ओंडका पडलेला. चांगोनं ब्रेक मारला. झाडीतनं वाडीवरचे दहा-बारा जण बाहेर आले, पुढं धाऊ आणि वाल्मिक. वाल्मिकनं दार उघडलं.

"उतर चांगो. तुज्याशी भांडान नाय."

चांगोनं त्या तुटक्या कानाकडं पाहिलं आणि तो उतरला. पण त्याच्या शेजारी वाघ्या बसला होता, हे त्यांना आधी दिसलं नव्हतं. वाघ्या दुसऱ्या दारानं उतरला तो हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊनच. पहिल्या फटक्यात त्यानं एका म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. दुसरा वाल्मिकच्या गळ्याखाली बसला. हाड कडाडलं, डावा हात लोळागोळा होऊन पडला. धाऊ वाघ्याच्या अंगावर झेपावला. दोघं धुळीत लोळले. वाघ्याच्या कमरेला कोयता होता. तो कधी बाहेर आला कुणाला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की धाऊ पोट धरून उठला आणि त्याच्या बोटांच्या फटींतनं रक्त उतू जात होतं.

तेव्हा ओंडक्यांवरनं ठकी उतरली. आज तीही मजुरीवर होती, वर बसलेली. तिनं खाली पडलेली टॉमी उचलली आणि वाघ्याच्या गुडघ्यावर मारली. तो पडला, तरी मारली. दुसऱ्या गुडघ्यावर. मग हातावर. लाकूड फोडावं तसा एकेक घाव, घाई न करता. वाघ्या ओरडायचा थांबला तेव्हा ती थांबली. तो जिवंत होता. तिनं टॉमी फेकून दिली.

वाल्मिकनं एका हातानं धाऊला ओढून गाडीत घेतलं. बाकीच्यांनी रस्त्यातला ओंडका बाजूला सारला. ठकीनं आपलं लुगडं फाडून दिराच्या पोटावर करकचून बांधलं.

"सगळे खाली उतरा," वाल्मिक ओरडला. "पूल चालत जा. गाडीत कुनी नको."

"ह्यो?" ठकीनं विचारलं.

"मला नको उतरवू," धाऊ म्हणाला. "चालव."

मोडक्या हातानं गियर बदलता येईना. वाल्मिक उजव्या हातानं गियर टाकायचा तेव्हा छाती टेकवून स्टेअरिंग धरायचा, तीच छाती जी एकदा मोडली होती. गाडी पुलावर चढली. बुजवलेल्या कमानीवर मागची चाकं आली तशी आतनं करकर ऐकू आली आणि आरशात चुन्याची धूळ उडताना दिसली. वाल्मिकला थांबायचं होतं. पाय आपोआप ब्रेककडं गेला.

"थांबू नको," धाऊ दात आवळून म्हणाला. "थांबलास तर पूल बसंल."

गाडी पलीकडं गेली. पूल तसाच उभा राहिला.

कर्जत तिथनं तासाभराच्या वाटेवर. गावात शिरताना आधी लाकडाची सरकारी वखार लागायची आणि तिच्या आवारात सहा टनांचा काटा होता. दवाखाना गावाच्या पलीकडच्या टोकाला. वाल्मिकनं वखारीशी वेग कमी केला आणि धाऊकडं पाहिलं. सीटवरनं रक्ताचे थेंब पायदाणीवर टपकत होते. धाऊचे ओठ पांढरे पडले होते.

"दवाखान्यात घेतो," वाल्मिक म्हणाला.

"काट्यावर."

"धाऊ, तू मरशील रं."

"एकदा दवाखान्यात गेलो की ही गाडी शेट खाली करंल. मंग तुला कोन इचारतंय? काट्यावर घे." त्याला धाप लागली. "मला आयकायचंय किती व्हतं."

वाल्मिकनं गाडी वखारीत वळवली.

काट्याचा बाबू रक्त बघून पळायच्या बेतात होता. वाल्मिकनं त्याचा सदरा धरला. "मोजा. मोजलंत की आमी जातो." बाबूनं वजनं लावली. अख्खी लॉरी काट्यावर मावत नव्हती, म्हणून आधी पुढची चाकं चढवली. दोन टनांच्या थोडं वर. मग गाडी पुढं घेऊन मागची चाकं चढवली. बाबूनं एक वजन ठेवलं, दुसरं ठेवलं, सरकतं वजन शेवटच्या खाचेपर्यंत नेलं. दांडी वरच राहिली. खाली येईचना.

"काय झालं?" वाल्मिकनं विचारलं.

"काटा संपला," बाबू म्हणाला. "माझ्याकडं सहाच टनांची वजनं आहेत. मागची चाकंच सहाच्या वर आहेत. कितीनं वर, ते मी नाही सांगू शकत."

सबंध गाडीची मर्यादा सहा टन होती. वाल्मिकनं वळून मोठ्यानं सांगितलं, "धाऊ, आयकलंस? मागचीच सहाच्या वर! काटा पुरला नाय!"

धाऊनं मान हलवली. मग त्याची मान खांद्यावर पडली.

तोवर गर्दी जमली होती. चारपाई आणून धाऊला दवाखान्यात पळवलं. डाक बंगला हाकेच्या अंतरावर. आरडाओरडा ऐकून समितीचे तिघे साहेब बाहेर आले आणि त्यांच्यामागनं आबाजी शेट. शेटनं आपली लॉरी ओळखली आणि तिथल्या तिथं ओरडला, "चोर! माझी गाडी पळवली! धरा त्याला!" दोघा शिपायांनी वाल्मिकला धरला. मोडका हात मागं पिरगाळला तशी त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते. ते काट्यापाशी गेले, अधांतरी राहिलेल्या दांडीकडं पाहिलं, बाबूला चार प्रश्न विचारले. मग लॉरीच्या कुशीपाशी येऊन त्यांनी नखानं डांबर खरवडलं.

"याच्याखाली काय आहे?" त्यांनी आबाजी शेटला विचारलं.

शेट शिपायांकडं वळून पुन्हा ओरडला, "आधी त्या चोराला न्या!"

"तुम्ही आताच आम्हाला सांगत होतात," साहेब म्हणाले, "की तुमची गाडी सहा टनांच्या वर कधी जात नाही." त्यांनी सेक्रेटरीला बोलावलं. "काट्याचा आकडा लिहून घ्या. या बाबूची सही घ्या. आणि या डायवरचं म्हणणंही लिहून घ्या, अटक मग करा."

वाल्मिकनं वखारीच्या धुळीत बसून म्हणणं सांगितलं. पुलाचं, ओंडक्यांचं, हातात सुटून आलेल्या हाताचं, बाटलीचं. आणि डांबर फासताना आपण हसलो होतो, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

धाऊ चौथ्या दिवशी गेला. आतडं फाटून विष झालं होतं. डॉक्टर म्हणाला, दहा मिनिटं आधी आणला असता तरी काही फरक पडला नसता. वाल्मिकनं ते कधी खरं मानलं नाही.

वाघ्याला खुनाबद्दल जन्मठेप झाली. त्याला चार माणसांनी उचलून कोर्टात आणावं लागलं. त्याचे गुडघे कुणी फोडले, हे पोलिसांनी वाडीवर सगळ्यांना मारमारून विचारलं. कुणी बोललं नाही. वाल्मिकनं सांगितलं, मी फोडले. एका मोडक्या हातानं कसे फोडलेस, असं फौजदारानं विचारलं, तर म्हणाला, रागात फोडले. गाडी पळवणं, दंगा आणि हे, मिळून त्याला एक वर्ष झालं. आबाजी शेटला दंड झाला. त्यानं तो भरला, जंगलाचं काम सोडलं आणि पनवेलकडं विटांचा धंदा काढला. त्याला एक रात्रही कोठडीत काढावी लागली नाही.

कायदा बदलला तो असा: मोठ्या सडकांवर मालकांनी मागितला तेवढा नाही, तरी बराचसा बोजा सरकारनं वाढवून दिला. पण गाडीवरचे आकडे पुसले तर गाडी जप्त. जुन्या दगडी पुलांना वेगळी, कमी मर्यादा, आणि तिथं रस्त्यावर काटा. आणि मालावर माणसं बसवायला सक्त मनाई. कुणी म्हणालं, हे त्या दिवशीच्या दांडीमुळं झालं. कुणी म्हणालं, होणारच होतं. वाल्मिकला हे तुरुंगात कळलं.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात तो बाहेर आला, तेव्हा कळंबच्या पुलाशी नवा काटा बसत होता. साखळी धरायला, गाड्या अडवायला माणूस हवा होता. ते काम कुणी घेईना, कारण मार खायचं काम होतं. वाल्मिकनं घेतलं. पहिल्या महिन्यात एका डायवरनं त्याच्यावर गाडीच घातली, तो खड्ड्यात उडी मारून वाचला. दुसऱ्या महिन्यात तिघांनी धरून त्याच्या बरगड्या मोडल्या. तो पट्टा बांधून तिसऱ्या दिवशी परत साखळीपाशी उभा. एकदा जुना ओळखीचा चांगोच जादा माल घेऊन आला, दोस्तीची भाषा करायला लागला. वाल्मिकनं दगडानं त्याच्या गाडीचे दोन्ही दिवे फोडले. "आता हिथंच ऱ्हा आन् निम्मा माल उतरव."

एका दुपारी एक लॉरी आली, काट्यावर चढली, बरोबर भरली. साखळी सोडली, आणि गाडी पुलावर हळूहळू रांगायला लागली. मग मागनं धुळीतनं सात-आठ मजूर चालत आले, पायांना फडकी बांधलेली. त्यांत ठकी होती. वाल्मिकला पाहून ती थांबली. त्या मंगळवारनंतर ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

"तुज्या कायद्यानं आमाला चालवलं, डायवर," ती म्हणाली. "भरायचं, मंग पाच कोस चालायचं, मंग उतरवायचं. बसू देत नायत आता."

वाल्मिकला हे सुचलंच नव्हतं. समितीलाही सुचलं नसावं. तो गोरामोरा झाला.

"कमळ्या असता तर त्योबी चालला असता," ठकी म्हणाली. ती रागानं बोलली की कसं, ते त्याला कळलं नाही. "धाऊबी."

तिनं पायाचं फडकं घट्ट केलं आणि पुढं निघाली. वाल्मिक साखळी टाकून लॉरीमागं धावला. पुलाच्या पलीकडं त्यानं ती अडवली, डायवरच्या शेजारचं दार उघडलं.

"हिथं दोघं मावतात. मालावर नको म्हनलंय कायद्यानं, हिथं नाय म्हनलेलं."

"मालक रागवंल," डायवर म्हणाला.

"मालकाला सांग, काट्यावरचा वाल्मिक म्हनतो. पायी चालवलेले मजूर दिसले की गाडी दोनदा मोजनार. सगळा माल उतरवून."

डायवरनं शिवी दिली. वाल्मिकनं त्याची गचांडी धरून त्याला अर्धा खिडकीबाहेर ओढला आणि तसाच धरून ठेवला, जोवर दोन म्हाताऱ्या बाया चढून आत बसल्या नाहीत तोवर. ठकी त्यांत नव्हती. ती रस्त्याच्या कडेनं तशीच चालत पुढं निघून गेली होती.